डबीतला कोरस

दादाची ती डबी आमच्या घरात आली त्या दिवशी आई येसरचा मसाला भाजत होती आणि अर्ध्या गल्लीला ठसका लागला होता. भावसिंगपुऱ्यातलं आमचं घर म्हणजे पुढं एक खोली, मागं एक खोली आणि त्यामागं पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत माणसांपेक्षा वाद्यं जास्त. पाहुणा आला की त्याला बसा म्हणण्याआधी कुणीतरी ढोलकी उचलायची, कुणीतरी माइकचा स्टँड कोपऱ्याला लावायचा. लाउडस्पीकरचा एक भोंगा बिघडून पडला होता, त्यात आई कांदे ठेवायची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गायनपार्टी होती. दिवसा ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लोखंडाचे सुटे भाग चाकावर घासून त्यांना चकाकी आणायचे, आणि जयंतीच्या दिवसांत, बुद्धपौर्णिमेला, कुठं विहाराचं उद्घाटन असलं की, कुणाच्या नामकरणाला, भीमगीतं गायचे. घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा राखाडी धूळ असायची. आई दारातच तांब्या द्यायची. ते गुळण्या करायचे, खाकरायचे, आणि खाकरता खाकरता कुठल्यातरी गाण्याची चाल सुरू व्हायची. आमच्याकडं संध्याकाळ झाली हे असं कळायचं.

पार्टीत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. अण्णा मधोमध उभे. उजव्या हाताला ढोलकीवर रशीदचाचा, ते अण्णांचे तरुणपणापासूनचे दोस्त, बोलायचे दखनी आणि ढोलकी वाजवायचे अस्सल मराठी. मागं खुर्चीवर गिटार घेऊन माझा भाऊ मिलिंद, त्याला मी दादा म्हणते. आणि डाव्या बाजूला सतरंजीवर आई आणि मी. आम्ही दोघी कोरस. गायकानं ओळ म्हणायची, कोरसनं तिचं शेपूट उचलून परत म्हणायचं, तेवढ्यात गायकानं दम घ्यायचा, घोटभर पाणी प्यायचं, पुढचं कडवं आठवायचं. लोक गायकाचं नाव लक्षात ठेवतात, ढोलकीवाल्याचं ठेवतात. आमचं कोण ठेवणार? बॅनरवर अण्णांच्या नावाखाली ‘आणि सहकारी’ असं छापलेलं असे, त्या दोन शब्दांत आम्ही मायलेकी मावत होतो. आई तेवढ्यावर खूश होती. ती शाळेत फार गेली नव्हती, चार माणसांत बोलायला उठली तर तिची जीभ जड व्हायची, पण त्या सतरंजीवर बसली की तिचा चेहराच वेगळा दिसायचा. कार्यक्रमाच्या दिवशी ती सकाळपासून गुणगुणत असायची. पांढरी साडी इस्त्रीला न देता उशीखाली घालून सपाट करायची, अण्णांसाठी ज्येष्ठमधाची कांडी आणि खडीसाखर फडक्यात बांधून घ्यायची. कोरस म्हणताना मी तिच्या तोंडाकडे बघायचे, कारण तिचा काही नेम नसे. कधी ती ओळ दोनदा घ्यायची, कधी तीनदा, कधी शेवटचं अक्षर इतकं लांबवायची की माझा दम संपायचा. का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आईला हौस आहे.

दादाला मात्र भीमगीतांत गिटार ‘ठँग ठँग’ वाजवून कंटाळा आला होता. तेव्हा वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी शहरातल्या मोठ्या हॉटेलांत संध्याकाळी वाद्यं वाजायची. अशाच एका हॉटेलात एक गोवेकर गिटार वाजवत असे. दादा त्याच्या मागं मागं फिरून शिकला, त्याच्या तारा बदलून दे, त्याचं सामान उचल, असं करत. गोवेकर आखातात निघाला तेव्हा जाताना त्यानं दादाला ती डबी दिली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, लोखंडी, निळ्या रंगाची, पोपडे उडालेली. वर पिळायचे तीन कान आणि खाली पायानं दाबायचं एक बटण. डिजिटल डिले, असं दादानं आम्हाला सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज कुणी बारशात बाळाचं नाव सांगावं तसा होता.

“पन करती काय ती?” आईनं उलथनं हातात धरूनच विचारलं.

“आपण जे वाजवलं ते ही ध्यानात ठेवती, आन् जराशानं परत म्हणती. किती वेळानं म्हणायचं ते हा कान पिळून ठरवायचं. किती वेळा म्हणायचं ते ह्या कानानं.”

“मंजी कोरसच की,” आई म्हणाली आणि हसली. आम्ही सगळेच हसलो. अण्णाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. येसरच्या ठसक्याची असेल, असं सगळे धरून चालले.

त्यानंतर कितीतरी दिवस दादा पडवीत ती डबी पायाशी घेऊन बसायचा. मी अकरावीला होते. दाराच्या आत पुस्तक घेऊन बसायचे आणि वाचायचे काहीच नाही. तो एक सूर छेडायचा. सूर यायचा, जरा वेळानं पुन्हा यायचा, मग त्याहून हळू, मग पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा. त्या येण्या-जाण्याच्या मधल्या फटीत दादा नवा सूर ठेवायचा, मग जुना आणि नवा मिळून तिसरंच काही ऐकू यायचं. एकटा माणूस तीन जणांसारखा वाजत होता. मला ते फार आवडायचं, आणि ते ऐकताना उगाच रडू यायचं, हेही सांगून टाकते. आमच्या घरात सगळी गाणी लोकांसाठी होती, समाजासाठी होती, जागं करण्यासाठी होती. पहिल्यांदाच कुणीतरी कुणासाठीच नसलेलं काहीतरी वाजवत होतं. दादाच्या आयुष्यात तेवढेच काही आठवडे ती डबी त्याची होती.

इकडं अण्णांचा दम कमी होत चालला होता. नाल्यापासून घरापर्यंत छोटासा चढ होता. तो चढताना ते मध्ये थांबायचे आणि थांबल्याचं कारण म्हणून कुणाशी तरी बोलायला लागायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, अण्णा किती बोलके झालेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं होतं, तो कागद अण्णांनी माइकच्या पेटीत टाकला आणि विषय संपवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा खाक्या. ती मूठ रोज कोण झाकत होतं हे त्यांना ठाऊक होतं की नाही, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. होतं असं म्हटलं तर त्यांनी पुढं केलं ते माफ करता येत नाही. नव्हतं असं म्हटलं तर आणखीच वाईट वाटतं.

एका रविवारी रशीदचाचा घरी नान-खलिया घेऊन आले होते. जेवणं झाल्यावर अण्णांना काय लहर आली, त्यांनी दादाला म्हटलं, “तुझ्या डबीत माइक घालून बघ रं जरा.” दादा कचरला. ती गिटारसाठी आहे म्हणाला. पण अण्णांना नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती. त्यानं माइकची वायर डबीत खोचली, डबीतून ॲम्प्लिफायरला नेली. अण्णांनी एक ओळ म्हटली, आणि त्या ओळीचा शेवट परत आला. अण्णांचाच आवाज, पण धूळ नसलेला, तरुण वाटणारा. परत आला, पुन्हा परत आला. अण्णा माइककडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही, ते प्रेमात पडले. तेव्हा शहरातल्या इतर पार्ट्यांच्या कॅसेटी निघत होत्या आणि प्रत्येक कॅसेटवर गायकाचा आवाज असा घुमत असे. आपला आवाज कोरडा राहिला, जुनाट राहिला, हे शल्य त्यांना होतंच.

“आता झालं,” ते म्हणाले. “आता आपली पार्टी कुनाला ऐकत नाय.” मग आईकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, “शेवंता, तुझी पन दगदग वाचली बघ. रातच्याला जागायचं नाय, टेंपोत हादरे खायाचे नाय. सुजाताची परीक्षा हाय, तिच्यापाशी ऱ्हा. आराम कर जरा.”

आई भांडी गोळा करत होती. तिनं खलियाचं पातेलं उचललं आणि म्हणाली, “बरं.”

रशीदचाचा ढोलकी ओढून डबीच्या घुमाऱ्यासोबत थोडं वाजवत राहिले आणि मग म्हणाले, “उस्ताद, भाभी कू नक्को उठाओ. ये डब्बा मेरी सुनताच नै. मैं कित्ता भी भागूं, ये अपनीच चाल चलता.” खरंच होतं ते. आमच्या गाण्यांत ढोलकी शेवटाकडं चढत जाते, लोक टाळ्या धरतात, लय पळते. डबीचा कान जिथं पिळून ठेवला तिथंच ती चालायची. अण्णा म्हणाले, मग तू डब्ब्याच्या चालीनं वाजव. रशीदचाचांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हिशेबानं ढोलकी वाजवली, आणि ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

दादाचा मुलगा, माझा भाचा, आता पुण्याहून पुंडलिकनगरला माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्यासोबत अशा डब्यांची एक अख्खी फळी असते. त्यातल्या एका डिलेवर वेगळं बटण आहे. त्यावर पायानं दोन-तीनदा ठेका दिला की यंत्र त्या लयीनं चालू लागतं. माणूस पळाला की परत ठेका द्यायचा, ते सोबत पळतं. त्यानं मला हे कौतुकानं दाखवलं आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही. त्याला वाटलं, आत्याला बरं नाही. मीही तसंच सांगितलं.

नवी पार्टी जयंतीत पहिल्यांदा लासूर स्टेशनला गेली. मी आणि आई घरीच होतो. दादानं येऊन सांगितलं की लोक वेडे झाले होते, पोरं स्टेजच्या मागं जाऊन दुसरा गायक शोधत होती. अण्णा दोन दिवस हवेत होते. पण दादानं मला पडवीत वेगळंही सांगितलं. अण्णांनी अवघड गाणी सगळी वगळली होती. ‘तळ्याचं पाणी’ तर घेतलंच नाही, लोकांनी ओरडून मागितलं तरी. ते गाणं अण्णांचं स्वतःचं, त्यांच्या नावावर ओळखलं जाणारं. ‘तळ्याचं पाणी गोड झालं, ओंजळीला तेज आलं’ अशी त्याची ओळ, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती एका दमात वर चढवून सोडायची. दादा हे सांगत होता आणि गिटारच्या तारा सैल करत होता. डबी आता अण्णांच्या माइकच्या पेटीत राहायची. गिटारला ती परत कधी लागली नाही.

आईनं घरी काय केलं? काही नाही. सगळी कामं केली. भाकऱ्या केल्या, ठेचा वाटला, गोधडीला टाके घातले. अण्णा कार्यक्रमाला निघताना खडीसाखर तशीच बांधून दिली. फक्त तिचं गुणगुणणं थांबलं. आमच्या घरात शांतता कधी नव्हतीच, त्यामुळं ती आली तेव्हा नीट ओळखूही आली नाही. मला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. मला सतरंजीवर बसून लोकांसमोर गायला लाज वाटायची. मी अभ्यासाला बसले, आई माझ्याजवळ बसली, आणि मध्येच कधीतरी तिचे ओठ हलायचे, बाहेर आवाज यायचा नाही.

मग देवगाव रंगारीचं बोलावणं आलं. तिथं नवा विहार बांधला होता आणि वैशाखातल्या पौर्णिमेला बुद्धमूर्ती बसणार होती. देवगाव रंगारी म्हणजे आईचं माहेर. तिचे भाऊ स्वतः येऊन सांगून गेले, पार्टी आपल्या दाजींचीच पाहिजे, आणि शेवंताशिवाय यायचं नाही. आईनं पौर्णिमेच्या दिवशी नवी पांढरी साडी काढली. मला वाटलं, तिला मनातून वाटत असावं की माहेरी तरी हे आपल्याला वर बसवतील. टेंपो गावात पोचला, मांडवाखाली स्टेज होतं, दादानं वायरी ओढल्या, अण्णांच्या पायाशी डबी ठेवली. डाव्या बाजूला सतरंजी अंथरलीच नव्हती, तिथं मोठा स्पीकर उभा केला होता. आई क्षणभर पायरीपाशी थांबली आणि मग बायकांत येऊन बसली. मी तिच्याशेजारी.

“अगं शेवंता, तू खाली कशी गं?” तिच्या लहानपणची एक मैत्रीण मोठ्यानं म्हणाली. “आमी तुलाच ऐकाया बसलोय.”

“आता मिशीन आलंय त्यांच्याकडं,” आई म्हणाली.

“मिशीन?” ती बाई हसली. “शिवायचं का दळायचं?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. आईही हसली. तिचा हात तेव्हा माझ्या हाताला लागत होता, तो गार होता, आणि वर वैशाखाचं ऊन मांडव फोडून खाली येत होतं.

त्रिसरण-पंचशील झालं, मूर्तीवर फुलं वाहिली, मग गाणी सुरू झाली. तीन-चार गाणी बरी गेली. लोकांना डबीचा घुमारा आवडला. आणि मग मामांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “दाजी, तळ्याचं पाणी व्हऊ द्या!” सगळा मांडव तेच म्हणू लागला. सासुरवाडीत जावयानं नाही कसं म्हणायचं? अण्णांनी पाणी प्यायलं, दादाकडं बघून मान हलवली. पहिलं कडवं निघालं. दुसरं निघालं. रशीदचाचांनी डबीच्या चालीनं वाजवायचा फार प्रयत्न केला, पण गावानं टाळी धरली होती आणि टाळी काही डबीला विचारून पडत नाही. लय पळाली. ढोलकी पुढं, डबीतून येणारी ओळ मागं, दोन्हींच्या मध्ये अण्णा. दादानं घाईनं वाकून कान पिळला तर आत अडकलेला आवाज पिळवटून वर गेला, आणि त्याच घाईत त्याच्या बोटानं दुसरा कानही फिरला, किती वेळा परत म्हणायचं तो.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी अण्णा ओळ वर चढवायला गेले. ‘तळ्याचं पाणी गोड झालं’ एवढं निघालं, ‘ओंजळीला’ म्हणाले आणि दम संपला. त्यांनी तोंड उघडून श्वास ओढला. पत्र्यावर काहीतरी घासलं जावं तसा तो आवाज होता. माइकनं तो घेतला, डबीनं तो ध्यानात ठेवला, आणि परत म्हटला. परत म्हटला. तेवढ्यात अण्णांनी दुसरा श्वास ओढला, तोही त्यात मिसळला. कान फिरलेला होता, त्यामुळं काही विरत नव्हतं, एकावर एक चढत होतं. सगळ्या मांडवात, लिंबावर बांधलेल्या भोंग्यातून वेशीपर्यंत, माझ्या बापाची धाप ऐकू येत होती.

अण्णांनी डावीकडं बघितलं. सवयीनं. तिथं स्पीकर होता. मग त्यांनी खाली बायकांत बघितलं आणि त्यांना आई दिसली.

ती ओळ कुठं उचलायची हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. मी तोंड उघडलं. आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. जोरात. मी तिच्याकडं बघितलं. ती अण्णांकडं बघत होती, सरळ, पापणी न हलवता, ओठ मिटून. मी तोंड मिटलं. आम्ही दोघी बसून राहिलो.

दादानं शेवटी वायरच उपटली. एकदम शांतता झाली. रशीदचाचांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. अण्णा स्टेजच्या कडेला खाली बसले आणि कुणीतरी पाणी घेऊन धावलं. लोक वाईट नव्हते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, ऊन लई हाय, दाजींना तरास झाला, असं एकमेकांना सांगितलं. मग खीर वाढली. पौर्णिमेची खीर, आणि माझं नाव बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताचं, म्हणून प्रत्येक जण मलाच आग्रह करत होता. मी दोन वाट्या खाल्ल्या. तांदळाची खीर मला तेव्हापासून जात नाही.

आम्ही टेंपोत बसून परत निघालो. कन्नडचा रस्ता मागं पडला आणि अण्णा म्हणाले, “तू घ्यायचं व्हतंस.”

“मी कुठं व्हते वर?” आई म्हणाली.

एवढंच. त्या दोन वाक्यांपलीकडं माझ्या आईवडिलांत यावर कधी बोलणं झालं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. अण्णा परत गायले नाहीत. तब्येतीचं कारण होतंच. पुढं फोटो निघाले, छातीत धूळ बसली आहे असं डॉक्टर म्हणाले, कारखाना सुटला. दादानं डबी कुणाला तरी देऊन टाकली आणि पुण्याला जाऊन लग्नातल्या ऑर्केस्ट्रात लागला. घर रिकामं झालं, वाद्यं एकेक करून गेली, पाहुण्यांना बसायला भरपूर जागा झाली. आईनं अण्णांचं सगळं केलं. रात्र रात्र त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसायची, त्यांना बसवून झोपवायची, घास बारीक करून द्यायची. कुणी म्हणणार नाही की तिनं कशात उणं ठेवलं. पण त्या घरात दोघांपैकी कुणाच्याही तोंडून गाणं आलं नाही. मी दोघांवर रागावले होते. अण्णांवर आधी, मग आईवर, मग पुन्हा अण्णांवर. माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, राग तसाच राहिला.

एकदाच मी आईला विचारलं. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. मी म्हटलं, “देवगावला तू का नाही उचललीस ओळ? मला का धरलंस?”

आई मेथी निवडत होती. “मला वाटलं मिशीन घेईल,” ती म्हणाली. ते खरं नव्हतं. खरं नाही हे मला कळलंय, हेही तिला दिसत होतं. तिनं पुढची जुडी सोडली.

अण्णा गेले तेव्हा पावसाळा सरत आला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरासमोर मांडव टाकला. जुनी माणसं आली, रशीदचाचा नातवाचा हात धरून आले, ढोलकी त्यांच्यासाठी कुणीतरी उचलून आणली. लासूर स्टेशनहून एक तरुण गायक आला होता, अण्णांची गाणी म्हणतो म्हणून त्याला बोलावलं होतं. चांगला गळा, रुंद छाती, पंचविशीतला. त्यानं ‘तळ्याचं पाणी’ म्हणतो असं सांगितलं आणि मग आईकडं वळून हात जोडले. “काकू, कोरस तुम्हीच घ्या. लोक सांगतात, तुमच्याशिवाय हे गाणं नाही.”

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती उठली, डाव्या बाजूला जाऊन बसली आणि पदर सारखा केला. मी तिच्याजवळ बसले. मुलानं पहिलं कडवं म्हटलं आणि ओळ वर चढवून सोडली, अगदी सहज. आईनं ती उचलली. इतक्या वर्षांनी तिचा आवाज चिरकला होता, पण ओळ बरोबर जागेवरून उचलली. ‘तेज आलं’ म्हणाली, परत ‘तेज आलं’ म्हणाली, आणि मग ते शेवटचं अक्षर तिनं धरून ठेवलं. मुलानं पुढचं कडवं सुरू केलं. त्याला दम घ्यायचा नव्हताच. दोन आवाज एकमेकांवर आपटले आणि तो गोंधळून थांबला. आई थांबली नाही. तिचे डोळे मिटलेले होते. तिनं ओळ तिसऱ्यांदा घेतली, पुन्हा अक्षर लांबवलं. सगळा मांडव बघत होता. फक्त रशीदचाचा मान खाली घालून बोटांनी हलका ठेका देत राहिले, जणू असंच असतं. तेव्हा मला ती लांबी ओळखू आली. धूळ भरलेल्या छातीच्या माणसाला एक श्वास पूर्ण घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो होता.

मग तिनं डोळे उघडले. समोर तो मुलगा उभा होता, माइक हातात धरून, तिच्या तोंडाकडं बघत.

“चुकलं रं बाबा माझं,” आई म्हणाली. “म्हन तू. तुला दम हाय.”

त्यानं कडवं परत सुरू केलं. ओळ आली तेव्हा आईनं तोंड उघडलं नाही. कुणीतरी घ्यायला हवीच होती, म्हणून मी घेतली, दोनदा, आणि सोडून दिली.